बफेलोचा रद्द झालेला टचडाउन : रेषेवरच्या झेलाचा निकाल फिरवायला किती पुरावा हवा?

नायगारेकर

अमेरिकन फुटबॉलमध्ये साइडलाइनला लागून घेतलेल्या झेलांवरून वाद होतच असतात आणि त्यांपैकी बहुतेक वाद पुढच्या रविवारपर्यंत विरून जातात. मला मात्र अशा एका निकालाबद्दल सविस्तर लिहायचे आहे, जो मला आजही चुकीचा वाटतो. बफेलो बिल्स हा माझा संघ आहे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु माझा आक्षेप संघापुरता नाही. पंचाने दिलेला निकाल कोणत्या परिस्थितीत फिरवावा, याविषयीचा आहे.

२४ डिसेंबर २०१७ रोजी फॉक्सबरो येथील जिलेट स्टेडियममध्ये बिल्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स यांचा सामना होता. पूर्वार्ध संपत आला होता आणि बिल्स १०-१३ असे मागे होते. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) टायरॉड टेलरने एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाला गुण मिळवण्यासाठी आखलेल्या पट्ट्याच्या, कोपऱ्यात उंच चेंडू टाकला. केल्विन बेंजामिनने हात वर नेऊन तो पकडला, छातीकडे आणला आणि रेषेबाहेर जाता जाता डाव्या पायाचा चवडा मैदानावरून ओढला. मैदानावरच्या पंचांनी टचडाउन (सहा गुण आणि त्यानंतरच्या किकचा बहुधा आणखी एक) दिला. ज्या खेळीवर गुण मिळतात ती प्रत्येक खेळी आपोआप तपासली जाते, त्यामुळे हीदेखील तपासली गेली. त्या मोसमापासून तपासणीचा अंतिम अधिकार सामन्याच्या मुख्य पंचाकडून काढून एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) न्यूयॉर्कमधील कार्यालयाकडे देण्यात आला होता आणि तेथे पंचविभागाचे प्रमुख म्हणून अल रिवेरॉन नुकतेच आले होते. न्यूयॉर्कहून टचडाउन रद्द झाला, बिल्सना तीन गुणांच्या फील्ड गोलवर समाधान मानावे लागले आणि मध्यंतराला फलक १३-१३ असा राहिला.

ज्यांना या खेळाचा फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. चेंडू खेळाडूच्या ताब्यात असताना त्याचे दोन्ही पाय, किंवा हात वगळून शरीराचा दुसरा एखादा भाग, मैदानाच्या आत टेकले पाहिजेत. रिवेरॉन यांचे स्पष्टीकरण असे होते की, बेंजामिनला चेंडूचा ताबा मिळाला तोपर्यंत त्याचा डावा पाय जमिनीवरून उचलला गेला होता, म्हणजे ताबा असताना एकच पाय आत होता आणि म्हणून पास अपूर्ण ठरतो.

आता यात वादाचे नेमके काय आहे ते पाहा. डाव्या पायाचा चवडा आत घासला गेला, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. मतभेद होता तो एवढाच, की चेंडूवर ताबा नेमका कोणत्या क्षणी आला. चेंडू दोन्ही हातांत घट्ट बसला तेव्हा, की तो छातीशी येऊन स्थिरावला तेव्हा? मी ती चित्रफीत सर्व कोनांतून पाहिली आहे आणि माझ्या मते चेंडू वरच पकडला गेला होता. खाली येताना तो हातांसह खाली आला, हातांत फिरला नाही. पण माझे मत बाजूला ठेवले तरी नियमपुस्तक म्हणते की निकाल फिरवण्यासाठी चित्रातला पुरावा स्पष्ट आणि ढळढळीत असला पाहिजे. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी न्यूयॉर्कला एक-एक चित्र थांबवून पाहावे लागले, त्याचे उत्तर ढळढळीत कसे म्हणता येईल? रिवेरॉन यांच्या आधी तेच पद सांभाळलेले डीन ब्लँडिनो आणि माइक परेरा या दोघांनीही या निकालाशी जाहीरपणे असहमती दर्शवली होती, हे येथे नोंदवून ठेवतो.

बिल्स तो सामना ३७-१६ असे हरले. त्या चार गुणांनी सामना फिरला असता असा माझा दावा नाही. पुढच्याच रविवारी सिनसिनाटीने बाल्टिमोरला अखेरच्या मिनिटात हरवले आणि त्यामुळे बिल्स १९९९ च्या मोसमानंतर प्रथमच प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) पोहोचले, म्हणजे गुणतक्त्यावरही या निकालाचा व्रण उरला नाही. म्हणूनच आता आपण यावर शांतपणे बोलू शकतो असे मला वाटते.

शिवाजीपार्क

नायगारेकर, विषय उत्तम मांडला आहे. मी क्रिकेटचा प्रेक्षक आहे, त्यामुळे मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली, रेषेला पाय लागला तर तो आत धरतात की बाहेर? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कॅमेरा आहे, वेळ आहे आणि पाहणारे तज्ज्ञ आहेत, तर मग मैदानावरच्या पंचाने आधी काय सांगितले याला काही किंमत का असावी? तपासणाऱ्याने कोऱ्या पाटीने पाहावे आणि जे दिसेल ते सांगावे, हे अधिक सरळ नाही का? २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमारने डेव्हिड मिलरचा जो झेल सीमारेषेवर घेतला, त्या वेळी तिसऱ्या पंचाने चित्र पाहिले आणि बाद दिले. त्यावरही शंका घेणारे होतेच, पण पद्धत तरी स्वच्छ होती.

चौथा_डाउन

शिवाजीपार्क, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की रेषा पूर्णपणे बाहेर धरतात. एनएफएलच्या मैदानाभोवती निदान ६ फूट रुंदीचा पांढरा पट्टा असतो आणि त्या पट्ट्याला बुटाचे टोकसुद्धा लागले तरी खेळाडू बाहेर गेला असे मानले जाते. सॉकरमध्ये चेंडू पूर्ण रेषा ओलांडेपर्यंत आत असतो, म्हणून तेथे रेषा ही खेळाचा भाग असते. येथे ती नसते. त्यामुळे बुटाच्या टोकाखाली हिरवा रंग दिसला की पांढरा, या एका गोष्टीवर सामने फिरलेले आहेत.

बुटाच्या टोकाबद्दल आणखी एक बारकावा आहे, जो बऱ्याच नियमित प्रेक्षकांनाही ठाऊक नसतो. खेळाडूने चवडा आत टेकवून तो तसाच ओढत नेला आणि मग तो बाहेर पडला, तर तो पाय आत धरला जातो. पण चवडा आत टेकला आणि त्याच पावलाची टाच सलग हालचालीत रेषेवर पडली, तर संपूर्ण पाऊल बाहेर धरले जाते. त्यामुळे उत्तम रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) टाच खाली येऊच देत नाहीत, पायाचे बोट खाली रोखून शरीर बाहेर झोकून देतात. २००९ च्या फेब्रुवारीत टॅम्पा येथे झालेल्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) पिट्सबर्गच्या सँटोनिओ होम्सने ३५ सेकंद उरले असताना तीन बचावपटूंच्या डोक्यावरून आलेला चेंडू असाच कोपऱ्यात, दोन्ही पायांची बोटे टेकवून घेतला आणि ॲरिझोनाविरुद्धचा तो सामना २७-२३ असा जिंकला गेला. कॉलेजच्या खेळात एकच पाय आत असला तरी चालते. त्यामुळे तेथून वर येणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरला दुसरा पाय नव्याने शिकावा लागतो.

आता मूळ वादाकडे येतो. नायगारेकर, तुमच्याविषयी आदर ठेवून मी विरुद्ध बाजू मांडतो. नियमात ताबा आधी आहे आणि पाय नंतर. चेंडू डोक्याच्या वर नुसता अडवला जाणे म्हणजे ताबा नव्हे. बेंजामिनचे हात चेंडूला लागले आणि चेंडू त्याच्या छातीशी आला, या दोन क्षणांच्या मध्ये चेंडू हातांत किंचित सरकताना मला दिसतो. तो सरकला असेल तर चवडा घासला गेला त्या वेळी ताबा नव्हता आणि मग रिवेरॉन यांचे वाचन नियमाला धरूनच आहे. लीगची दिशाही अनेक वर्षे हीच राहिली आहे की रेषेजवळच्या निकालात पंचाचा अंदाज जितका कमी करता येईल तितका करावा. २००८ पूर्वी हवेत असलेल्या रिसीव्हरला बचावपटूने बाहेर ढकलले, तर 'ढकलला नसता तर तो आत उतरला असता' असे पंच स्वतःच्या अंदाजाने ठरवू शकत असे. तो नियम त्या वर्षी काढून टाकण्यात आला, कारण घडले नाही त्याचा निवाडा पंचाला करावा लागत होता. ज्या लीगने हा अंदाज हटवला तिने कॅमेऱ्यात दिसणारी गोष्ट डोळ्यांआड करावी, अशी अपेक्षा मला सुसंगत वाटत नाही.

नायगारेकर

चौथा डाउन, टाच आणि चवडा यांतला फरक तुम्ही फार चांगला उलगडला. मात्र तुमच्याच प्रतिसादातील एका शब्दाकडे लक्ष वेधतो. चेंडू 'किंचित' सरकताना तुम्हाला दिसतो. मला तो सरकताना दिसत नाही. आपण दोघेही एकच चित्रफीत, हवी तितक्या वेळा आणि हव्या त्या वेगाने पाहत आहोत, दोघांनाही नियम ठाऊक आहे आणि तरी आपले एकमत होत नाही. हेच जर वास्तव असेल तर मैदानावरचा निकाल कायम राहिला पाहिजे होता. निकाल बरोबर होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर नाही. तो चूक होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी न्यूयॉर्कवर होती.

मैत्रेयी_ह

मी ह्यूस्टनमध्ये राहते आणि या शहरात साइडलाइनच्या झेलाचा विषय निघाला की जुनी माणसे बेंजामिनचे नाव घेत नाहीत, माइक रेनफ्रोचे घेतात. तो प्रसंग या चर्चेत यायला हवा, कारण रिप्लेची, म्हणजे चित्रफीत पाहून निकाल तपासण्याची, व्यवस्था मुळात कशासाठी आली हे त्यातून कळते.

६ जानेवारी १९८० रोजी पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये ह्यूस्टन ऑइलर्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स यांच्यात एएफसीचा (एनएफएलच्या दोन विभागांपैकी एकाचा) अंतिम सामना झाला. तिसऱ्या सत्राच्या अखेरीस स्टीलर्स १७-१० असे पुढे होते. डॅन पास्तोरिनीने एंड झोनच्या कोपऱ्यात चेंडू टाकला आणि रेनफ्रोने तो मागच्या रेषेच्या अगदी जवळ पकडला. साइड जज डोनाल्ड ऑर यांनी लगेच कोणतीही खूण केली नाही. पंच एकत्र जमले, त्यांनी आपसांत चर्चा केली आणि पास अपूर्ण असल्याचा निकाल दिला. दूरचित्रवाणीवर मात्र तोच झेल पुन्हा पुन्हा दाखवला जात होता आणि घरोघरी बसलेल्या लोकांना रेनफ्रोचे दोन्ही पाय आत असल्याचे वाटत होते. बरोबरी साधण्याऐवजी ऑइलर्सना फील्ड गोल घ्यावा लागला, फलक १७-१३ झाला आणि शेवटी स्टीलर्स २७-१३ असे जिंकले.

त्या दिवशी पंचांकडे पाहण्यासाठी काहीच नव्हते, ही गोष्ट मला सर्वांत बोचते. देशभरातला प्रेक्षक जे पाहत होता ते फक्त निकाल देणाऱ्यालाच पाहता येत नव्हते. रिप्लेच्या मागणीला त्या प्रसंगाने मोठे बळ मिळाले. १९८६ मध्ये रिप्ले सुरू झाला, १९९१ च्या मोसमानंतर बंद पडला आणि १९९९ मध्ये प्रशिक्षकाच्या आव्हानाच्या रूपाने परत आला. ज्या चुकीने सगळ्या देशाला आश्चर्य वाटावे, ती चूक सुधारण्यासाठी ही व्यवस्था जन्माला आली. बेंजामिनच्या झेलाच्या वेळी मैदानातील निकाल पाहून कोणालाही धक्का बसला नव्हता. धक्का बसला तो निकाल फिरवल्यानंतर. माझ्या दृष्टीने या दोन प्रसंगांतला फरक एवढा मोठा आहे की पुढची बारीक चर्चा त्याच्या नंतर येते.

पुन्हा_पाहू

चित्रफितीच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडे लिहितो, कारण कॅमेरा खोटे बोलत नाही असे आपण सहज म्हणून जातो.

बुटाचे टोक पांढऱ्या पट्ट्याला लागले की नाही, हे थांबवलेल्या चित्रातून उत्तम कळते, कारण तो जागेचा प्रश्न आहे. ताबा ही जागा नाही. तो बोटांचा दाब आहे आणि काही क्षण टिकणारी अवस्था आहे. थांबवलेल्या चित्रात प्रत्येक चेंडू घट्ट पकडलेला दिसतो, आणि अतिसंथ चित्रात प्रत्येक चेंडू हातांत सैल असल्यासारखा दिसतो, कारण वेगाने खाली येणाऱ्या हातांची नैसर्गिक थरथरही तेथे लांबलचक होऊन दिसते. एकाच झेलाबद्दल दोन प्रामाणिक माणसे भांडतात ती बहुधा यामुळेच.

दुसरी अडचण क्वचितच कोणी मांडते. कोपऱ्यातल्या झेलात पाय स्पष्ट दिसणारा कॅमेरा एक असतो आणि चेंडू स्पष्ट दिसणारा कॅमेरा दुसरा असतो. 'चवडा टेकला त्या क्षणी ताबा होता का' हे ठरवण्यासाठी दोन्ही चित्रे एकाच क्षणाची असली पाहिजेत. सेकंदाला ६० चित्रे धरली तर दोन चित्रांमधले अंतर सुमारे १७ सहस्रांश सेकंद इतके असते. बेंजामिनच्या झेलाचा सगळा वाद असल्या काही मोजक्या चित्रांचा आहे. अशा वेळी एका कोनातले चित्र दुसऱ्याशी जुळवताना दोन-तीन चित्रांचा फरक पडला तरी निकाल बदलतो, हे लक्षात घेतल्याशिवाय पुरावा स्पष्ट आहे असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

पंचनामा

मी अनेक वर्षे जिल्हा पातळीवर क्रिकेटमध्ये पंचगिरी केली आहे. अमेरिकन फुटबॉल मी मुलाच्या घरी गेल्यावर पाहू लागलो आणि त्यातले पंच रेषेवर कोठे उभे राहतात हेच मी प्रथम पाहिले. शिवाजीपार्क यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी नीट दिलेले नाही. तो प्रश्न क्रिकेटमध्येही आपल्याला फार सतावून गेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८ मार्च २०२१ रोजी अहमदाबादला भारत आणि इंग्लंड यांच्यात चौथा टी-ट्वेंटी सामना झाला. सूर्यकुमार ५७ धावांवर असताना डेव्हिड मलानने त्याचा झेल घेतला. चित्रात चेंडू गवताला लागल्यासारखा दिसत होता. परंतु मैदानावरील पंचाने 'सॉफ्ट सिग्नल', म्हणजे तिसऱ्या पंचाकडे जाण्यापूर्वीचा स्वतःचा कौल, बाद असा दिला होता आणि तो फिरवण्याइतका निर्णायक पुरावा नाही असे तिसऱ्या पंचाला वाटले, म्हणून सूर्यकुमार बाद झाला. त्याच डावात वॉशिंग्टन सुंदरचा झेल आदिल रशीदने सीमारेषेवर घेतला आणि त्याचा पाय दोराला लागल्यासारखा दिसत होता. तेथेही सॉफ्ट सिग्नल बाद असाच होता आणि तोच कायम राहिला. विराट कोहलीने सामन्यानंतर विचारले की पंचाला 'मला माहीत नाही' असे सांगण्याची मुभा का नसावी. त्याच वर्षी आयपीएलमधून सॉफ्ट सिग्नल काढण्यात आला आणि जून २०२३ पासून आयसीसीनेही तो बंद केला.

मी स्वतः पंच असूनही त्या निर्णयाच्या बाजूने होतो. सीमारेषेवरचा झेल खेळपट्टीवर उभ्या असलेल्या पंचापासून साठ-सत्तर मीटर दूर घडतो. रशीदचा पाय दोराला लागला की नाही, हे तेथून कोणालाही दिसणे शक्य नाही. जे पाहिलेच नाही त्याबद्दल पंचाकडून मत मागायचे आणि मग त्या मताला पुराव्याइतके वजन द्यायचे, ही पंचाचीच कुचंबणा होती.

नायगारेकर यांच्या उदाहरणात परिस्थिती वेगळी आहे. एनएफएलमध्ये मैदानावर ७ पंच असतात आणि कोपऱ्यातल्या झेलासाठी साइडलाइनवरचा पंच आणि मागच्या रेषेवरचा पंच दोघेही काही पावलांवर असतात. माझ्या निरीक्षणात आलेली एक गोष्ट मला फार आवडली. पंच आधी खाली पायांकडे पाहतो, मग नजर वर चेंडूकडे नेतो, आणि खूण करण्यापूर्वी दोघे पंच एकमेकांकडे पाहून घेतात. हे लोक अंदाज करत नाहीत, ते पाहतात. शिवाय ते खऱ्या वेगाने आणि दोन डोळ्यांनी पाहतात. हात चेंडूवर मिटले का, हे जवळून पाहणाऱ्याला जसे कळते तसे सपाट पडद्यावर कळत नाही. स्लिपमधला झेल घेताना क्षेत्ररक्षकाच्या तळव्याचा आवाज आम्हाला ऐकू येत असे आणि त्यावरून पुष्कळ काही समजत असे.

म्हणून शिवाजीपार्क, माझे उत्तर असे आहे की मैदानावरच्या निकालाला पंचाच्या पदामुळे वजन मिळता कामा नये. तो कोठे उभा होता आणि तेथून त्याला काय दिसत होते, यावर ते वजन ठरावे. अहमदाबादच्या सीमारेषेवर ते शून्य होते. फॉक्सबरोच्या कोपऱ्यात ते भरपूर होते आणि न्यूयॉर्कने ते मोजलेच नाही.

चौथा_डाउन

पंचनामा साहेब, तुमचा मुद्दा मला पटतो, निदान ताब्याच्या बाबतीत तरी पटतो. पण माझी मोठी तक्रार वेगळी आहे आणि ती मांडल्याशिवाय राहवत नाही. मला बेंजामिनच्या निकालापेक्षा त्यानंतर सहा आठवड्यांनी जे झाले त्याचा अधिक राग येतो.

४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनिआपोलिसच्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाच्या निक फोल्सने तिसऱ्या सत्रात कोरी क्लेमेंटला २२ यार्डांचा पास दिला. क्लेमेंटने तो एंड झोनच्या मागच्या रेषेजवळ घेतला. चेंडू त्याच्या हातांत हलला, एका हातातून दुसऱ्याकडे सरकला, आणि तो स्थिरावेपर्यंत पाय मागच्या रेषेला पोहोचला होता. पाय आणि ताबा यांचा क्रम कोणता, हाच प्रश्न होता, अगदी बेंजामिनसारखाच. मैदानावर टचडाउन दिला गेला होता आणि न्यूयॉर्कने तो कायम ठेवला. ईगल्स ४१-३३ असे जिंकले. प्रतिस्पर्धी दोन्ही वेळा पेट्रियट्सच होते, त्यामुळे न्यूयॉर्क कोणा एका संघाच्या बाजूचे होते असा आरोप टिकत नाही. टिकतो तो हा आरोप, की त्या मोसमात कसोटी मध्येच बदलली. डिसेंबरमध्ये जे 'ढळढळीत' होते ते फेब्रुवारीत नव्हते. १७ डिसेंबरला पिट्सबर्गच्या जेसी जेम्सचा टचडाउन, २४ डिसेंबरला बेंजामिनचा टचडाउन, दोन्ही रद्द झाले, दोन्हींवर टीका झाली, आणि मग क्लेमेंटचा त्याहून अधिक हललेला चेंडू झेल ठरला.

मार्च २०१८ मध्ये संघमालकांनी ३२-० अशा मतांनी झेलाची व्याख्या सोपी केली. जमिनीवर पडतानाही चेंडू सांभाळला पाहिजे ही अट गेली आणि चेंडूच्या बारीक हालचालीमुळे ताबा सुटला असे आपोआप मानायचे नाही हे स्पष्ट झाले. ते चांगलेच झाले. पण नियम बदलण्याआधीच त्याचा अंमल बदलला होता आणि हे कोणी उघडपणे सांगितले नाही. खेळाडूला कठोर कसोटी चालेल, सौम्यही चालेल. कसोटी कोणती हे मात्र त्याला सामन्याआधी कळले पाहिजे.

मैत्रेयी_ह

चौथा डाउन, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक जोडते. जेसी जेम्सच्या प्रसंगात त्या वेळच्या नियमाचे शब्द तरी निकालाच्या बाजूने होते, कारण जमिनीवर आपटताना चेंडू हलला होता. नियम वाईट होता म्हणून निकाल वाईट झाला, असे तेथे म्हणता येते. बेंजामिनच्या बाबतीत नियमाचा काही दोष नव्हता. त्यामुळे व्याख्या बदलल्यानेही तो प्रश्न सुटलेला नाही. ताबा आणि पाय यांचा क्रम आजही तसाच पाहावा लागतो.

शिवाजीपार्क

पंचनामा, आपल्या उत्तराने माझ्या शंकेचे बरेच निरसन झाले. कोऱ्या पाटीचा माझा आग्रह सीमारेषेच्या दोरापुरता ठेवतो. पण मग मला हे विचारावेसे वाटते की निकाल फिरवणे केव्हा योग्य ठरते, याचे एखादे स्वच्छ उदाहरण आहे का? नाहीतर प्रत्येक वेळी पंच जवळ होता असे म्हणून चूकही कायम राहील.

नायगारेकर

उदाहरण आहे आणि ते अगदी नेमके आहे. ५ सप्टेंबर २०२४ रोजी कॅन्सस सिटी येथे मोसमाचा पहिला सामना चीफ्स आणि बाल्टिमोर रेव्हन्स यांच्यात झाला. रेव्हन्स २०-२७ असे मागे असताना घड्याळ संपलेल्या शेवटच्या खेळीवर लमार जॅक्सनने एंड झोनच्या मागच्या बाजूला आयझेया लाइकलीला पास दिला. पंचांनी टचडाउन दिला. चित्रात लाइकलीच्या बुटाचे टोक मागच्या पांढऱ्या रेषेवर असल्याचे दिसले, निकाल फिरला आणि सामना तेथेच संपला. बाल्टिमोरच्या चाहत्यांना अतोनात दुःख झाले असेल, पण त्या निकालावर मी आक्षेप घेणार नाही. ताबा वादात नव्हता. प्रश्न फक्त बुटाखालच्या रंगाचा होता आणि तो चित्रात उघड दिसत होता. पंच कितीही जवळ असला तरी वेगाने घसरणाऱ्या बुटाचे टोक त्याच्या नजरेतून निसटू शकते, आणि रिप्लेचा खरा उपयोग अशाच ठिकाणी आहे.

'पुन्हा पाहू' यांनी जागेचा आणि अवस्थेचा जो फरक दाखवला आणि पंचनामा यांनी पंचाच्या जागेचे जे महत्त्व सांगितले, त्या दोन्हींच्या आधाराने मी माझी मागणी अधिक काटेकोर करतो. पाय रेषेला लागला का, चेंडू जमिनीला लागला का, गुडघा टेकला का, घड्याळात वेळ उरला होता का, हे प्रश्न न्यूयॉर्कने खुशाल ठरवावेत आणि पुरावा दिसला तर निकाल बेधडक फिरवावा. ताबा केव्हा पूर्ण झाला हा प्रश्न मात्र कोपऱ्यातल्या दोन पंचांवर सोपवावा. त्यात हस्तक्षेप करायचा तर चेंडू हातातून सुटल्याचे साध्या वेगातही दिसले पाहिजे. संथ चित्रात शोधून काढलेली थरथर त्यासाठी पुरेशी धरू नये.

चौथा_डाउन

ही वाटणी मला मान्य होण्यासारखी आहे, पण तिची परीक्षा उलट बाजूने घेऊन पाहू. समजा त्या दिवशी फॉक्सबरोच्या कोपऱ्यातल्या पंचाने बेंजामिनचा तोच झेल, तसाच पाहून, ताबा उशिरा आला म्हणून अपूर्ण ठरवला असता. चित्रफीत हीच, कोन हेच. निकालाची तपासणी झाली असती आणि न्यूयॉर्कने तो कायम ठेवला असता. नायगारेकर, त्या वेळी तुमची भूमिका काय असती?

नायगारेकर

मला तो निकाल आवडला नसता आणि माझ्या मते तो झेलच होता हे मी तेव्हाही लिहिले असते. पण तो फिरवला जावा अशी मागणी मी केली नसती. चार पावलांवरून पाहणाऱ्या पंचाने ताबा नव्हता असे सांगितले असते आणि त्याला खोटे ठरवील असे एकही चित्र माझ्याकडे नसते, तर बिल्सनी तीन गुण घेऊन मध्यंतराला जायला हवे होते.

पंचनामा

नायगारेकर, हे उत्तर वाचून समाधान वाटले. आता एकच जोडतो. असे निकाल कायम ठेवताना मुख्य पंच दोन वेगळे शब्दप्रयोग करतात, हे मी अलीकडे लक्ष देऊन ऐकतो. निकाल बरोबर असल्याचे चित्रातून सिद्ध झाले तर तो 'पक्का झाला' असे सांगतात, आणि पुरावा अपुरा असेल तर तो फक्त 'कायम राहतो' असे सांगतात. आपल्याला दिसले आणि आपल्याला दिसले नाही, यांतला फरक माइकवरून सत्तर हजार लोकांसमोर मान्य केला जातो. बेंजामिनच्या झेलानंतर तो दुसरा शब्दप्रयोग वापरण्याची सोय न्यूयॉर्ककडे होती.